नऊ किलोमीटरचा घाट, चोवीस किलो सामान आणि संपलेला गीअर

आमच्या सायकलवाल्या मंडळींमधली एक मैत्रीण आहे, वय ४६, वजन ६०, नाव टाकू नको म्हणाली म्हणून नुसतं 'ती' लिहितो. एक ९ किलोमीटरचा घाट आहे जो ती रिकाम्या सायकलवर पाय न टेकवता चढते आणि वर पोचल्यावर व्यवस्थित गप्पा मारते. मग लांबच्या टूरची तयारी म्हणून तोच घाट, तीच सायकल, फक्त २४ किलो सामान लावून चढायला घेतला तर १ तास ५८ मिनिटं लागली. आठ वेळा थांबली, सहाशे मीटर सायकल ढकलत नेली, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला.

तिचं स्वतःचं निदान होतं की स्टॅमिना कमी पडतोय. ज्यांना विचारलं त्यांनीही साधारण तेच सांगितलं, कोणी म्हणालं इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू) कर, कोणी म्हणालं स्क्वॉट्स मार, एकाने तर सायकलच बदल म्हणून सांगितलं. मला ते पटेना, कारण जी बाई रिकाम्या सायकलवर हाच घाट आरामात चढते तिचा स्टॅमिना मधल्या काळात गेला कुठे? म्हणून तिच्याकडून सायकल कॉम्प्युटरची फाइल मागून घेतली आणि आकडेमोड करायला बसलो. ते सगळं इथे सविस्तर लिहितोय, लांबलंय, आकड्यांचा कंटाळा असेल तर थेट गीअरच्या भागावर उडी मारा, पण मग हाच गीअर का आणि तो दुसरा का नाही हे कळणार नाही.

रस्ता, वजन आणि तिची ताकद

घाट ९ किलोमीटर, चढाई ५५० मीटर, म्हणजे सरासरी ६ टक्क्यांच्या जरा वर. पण सरासरीवर जाऊ नका, घाटात सरासरीएवढी फसवी गोष्ट नाही. पहिले २ किलोमीटर साधारण साडेचार टक्के, पुढचे ३ किलोमीटर सहा टक्के, मग २ किलोमीटर हेअरपिनचा, म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणांचा पट्टा साडेआठ-नऊ टक्क्यांचा, त्यानंतर अर्धा किलोमीटर जवळपास सपाट, आणि शेवटचा दीड किलोमीटर सात टक्के. लोक जिथे फुटतात ती जागा तो हेअरपिनचा पट्टा, पण कारण बहुतेक वेळा पहिल्या दोन किलोमीटरमध्ये घडलेलं असतं, ते पुढे येतंच.

वजन: ती ६०, सायकल रॅकसकट १६, सामान पाण्यासकट २४, एकूण बरोबर १०० किलो. हिशोबाला सोपं. तिची पॉवर ट्रेनरवर (सायकल जागेवर लावून चालवायचं यंत्र) टेस्ट करून माहिती होती, साधारण तासभर ताणून धरता येईल अशी १६५ वॅट. सायकलवर पॉवर मीटर नाही, त्यामुळे खाली जे वॅट लिहिलेत ते सगळे वेग, चढ आणि वजन यांवरून काढलेत. वेग कमी असला की हवेचा विरोध नगण्य होतो, म्हणून चढावर हा हिशोब बऱ्यापैकी बरोबर येतो, सपाटीवर एवढा विश्वास ठेवता येणार नाही.

१०० किलोला ६ टक्क्यांवर मागे ओढणारा जोर साधारण ६७ न्यूटन असतो, त्यातले जवळपास ५९ नुसते गुरुत्वाकर्षणाचे, ७ टायरच्या घर्षणाचे आणि हवेचा एखादा. यावरून ७ किमी ताशी वेगाला १३५ वॅट लागतात, ८ ला १५६, ९ ला १७६. म्हणजे १ किमी वेग वाढवायचा तर २० वॅट जास्त. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण सामान लादलेल्या सायकलवर ७ आणि ९ यातला फरक मनाला काहीच वाटत नाही, दोन्ही कासवगतीच वाटतात, पण तिच्यासाठी एक म्हणजे दीड-दोन तास चालेल असा वेग आणि दुसरा म्हणजे काही मिनिटांत फेस आणणारा.

फाइलमध्ये काय दिसलं

पहिले २ किलोमीटर ती ताशी ११ ने गेली. रिकाम्या सायकलवर ती इथे १२ च्या आसपास असते, त्यामुळे ११ म्हणजे आपण हळू चाललोय असंच तिला वाटत होतं. प्रत्यक्षात १०० किलो घेऊन साडेचार टक्क्यांवर ताशी ११ म्हणजे १७२ वॅट. तासभराच्या कमाल क्षमतेच्याही वर, आणि ते सुद्धा अकरा मिनिटं, अजून सात किलोमीटर बाकी असताना. हार्टरेट बघितला तर पाचव्या मिनिटालाच चढलेला, पण स्क्रीनवर तिने वेग ठेवला होता, हार्टरेट दुसऱ्या पानावर. वजन बदललं की वेगाचा जुना अंदाज कचऱ्यात टाकायचा असतो, हे माहिती सगळ्यांना असतं, पण पाय ऐकत नाहीत.

पुढचे ३ किलोमीटर ताशी ७ ने, मध्ये थांबे सुरू. हेअरपिनच्या पट्ट्यात ६०० मीटर ढकलत, उरलेलं ताशी साडेपाचने कसंबसं. सपाट तुकड्यात जीव आला, शेवटच्या दीड किलोमीटरला पुन्हा साडेपाच.

आता गंमत बघा. सायकल हलत असतानाचा एकूण वेळ निघाला ८२ मिनिटं, ढकलण्याची १२ मिनिटं धरून. उभं राहण्यात ३६ मिनिटं गेली. म्हणजे ती हळू नव्हतीच, ती थांबत होती, आणि प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा निघताना नव्याने जोर लावत होती.

का थांबत होती, याचं उत्तर केडन्सच्या, म्हणजे मिनिटाला पायडलचे किती फेरे त्याच्या रेषेत होतं. पायडल मारण्याचा वेग सहा टक्क्यांवर मिनिटाला पन्नास आणि हेअरपिनच्या पट्ट्यात चाळिशीच्या खाली. तिने सांगितलेलं वर्णन पण तसंच होतं, छाती नाही फुटत, मांड्या दगड होतात, आणि एकदा पाय थांबला की सायकल डगमगते म्हणून उतरावंच लागतं. हे वर्णन ऐकलं की मी तरी आधी गीअर बघतो, दमाचा विचार नंतर.

सगळा घोळ गीअरचा

तिच्या सायकलला पुढे ५०-३४ ची क्रँक (पायडलला जोडलेल्या ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या) आणि मागे ११-३२ ची ९ स्पीड कॅसेट (मागच्या चाकावरच्या ११ ते ३२ दातांच्या नऊ चकत्या). सगळ्यात हलका गीअर ३४ पुढे ३२ मागे. ७०० च्या चाकाला ४० मिलिमीटरचा टायर असेल तर चाकाचा एक फेरा साधारण २.२ मीटर, म्हणजे या गीअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३४ मीटर पुढे जाते. हे 'एका फेऱ्यात किती मीटर' गणित प्रत्येकाने आपल्या सायकलचं एकदा करून ठेवावं, पुढचे दात भागिले मागचे दात गुणिले चाकाचा घेर, बास.

आता ६० चा केडन्स धरू. ६० काही फार नाही, चढावर ७०-८० बरा पडतो, पण ६० च्या खाली गेलं की प्रत्येक फेरा म्हणजे एक लेग प्रेस व्हायला लागतो. तिच्या सगळ्यात हलक्या गीअरमध्ये ६० केडन्स म्हणजे ताशी ८.४ किमी. हा वेग धरायला किती वॅट लागतात ते बघा:

रिकामी सायकल, ६ टक्के: १२७ वॅट.
२४ किलो सामान, ६ टक्के: १६४ वॅट.
२४ किलो सामान, ९ टक्के: २३४ वॅट.

पहिला आकडा तिच्या क्षमतेच्या पाऊणपटीजवळ, म्हणून गप्पा मारत चढते. दुसरा बरोबर तिची तासाभराची कमाल मर्यादा. तिसरा तिला काही मिनिटांपलीकडे शक्यच नाही. म्हणजे घाटात वेग ती ठरवतच नव्हती, गीअर ठरवत होता. तिच्यापुढे दोनच पर्याय होते, एकतर केडन्स ठेवून दम संपवायचा, नाहीतर वेग कमी करून केडन्स पाडायचा आणि मांड्या संपवायच्या. ती दोन्ही आलटून पालटून करत होती आणि मध्ये थांबत होती. याला स्टॅमिना कमी म्हणणं म्हणजे शुद्ध अन्याय आहे.

गुडघ्याचंही गणित इथेच आहे. १३० वॅटला नऊ टक्क्यांवर वेग ताशी ४.७ किमी येतो, तिच्या जुन्या गीअरमध्ये केडन्स ३३-३४. त्या केडन्सला १७० मिलिमीटरच्या क्रँकवर सरासरी २२ किलोचा जोर सतत पडतो, आणि सरासरी म्हटल्यावर पाय खाली जाताना त्याच्या दीड-दोनपट. केडन्स ५५ असेल तर तेवढ्याच पॉवरला सरासरी साडेतेरा किलो पुरतात. काम तेवढंच, वेग तेवढाच, गुडघ्याच्या वाटीवरचा भार मात्र बराच कमी.

एक अवांतर, पण राहवत नाही. हलका गीअर लावायला लोकांना लाज वाटते ही भानगड शंभर वर्षांहून जुनी आहे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९०३ मध्ये सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं १९०२ मध्ये म्हणणं होतं की बदलते गीअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. त्याच काळात फ्रान्समध्ये पॉल द विव्ही, ज्यांना सगळे वेलोसिओ म्हणायचे, ते टूरिंगवाल्यांना अनेक गीअर वापरा म्हणून आयुष्यभर सांगत राहिले. ते १९३० मध्ये गेले आणि टूरमध्ये डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) परवानगी मिळाली १९३७ मध्ये. आमची मैत्रीण ४६ ची, तिला हे सांगितल्यावर म्हणाली, म्हणजे देग्रांजची पण परवानगी आहे मला. विषय संपला.

कोणता गीअर लावायचा

तीन पर्याय कागदावर मांडले.

पहिला, नुसती मागची कॅसेट बदलायची, ११-३६. सगळ्यात स्वस्त आणि सोपं. हलका गीअर ३४-३६, एका फेऱ्यात २.०८ मीटर, ६० केडन्सला ताशी साडेसात, सहा टक्क्यांवर १४५ वॅट. सुधारणा आहे पण नऊ टक्क्यांवर पुन्हा तेच रडगाणं. बरेच लोक इथेच थांबतात आणि मग म्हणतात गीअर बदलून पण काही फरक नाही पडला.

दुसरा, पुढे ४६-३० ची क्रँक, ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) सायकलींना हल्ली येते तशी, आणि मागे ११-३६. एका फेऱ्यात १.८३ मीटर, सहा टक्क्यांवर ६० केडन्सला १२७ वॅट. म्हणजे रिकाम्या सायकलवर तिला जसं वाटायचं तसंच सामान घेऊन वाटेल. मोहात पाडणारा पर्याय, आणि घाट जर सहा टक्क्यांचेच असते तर मी हाच सांगितला असता. पण नऊ टक्क्यांवर ६० केडन्सला १८२ वॅट, तिच्यासाठी अजूनही जास्तच.

तिसरा, जुन्या पद्धतीची माउंटन बाइकची तीन चकत्यांची क्रँक, ४४-३२-२२, मागे ११-३४. हलका गीअर २२-३४, एका फेऱ्यात १.४२ मीटर. सहा टक्क्यांवर १३० वॅटला केडन्स ७९, नऊ टक्क्यांवर ५५. दोन्ही जगण्यालायक. वरचा गीअर ४४-११, त्यात ८० केडन्सला ताशी ४२ किमी, सामान घेऊन त्याच्यापुढे उतारावर पायडल मारायची गरजच नाही, ब्रेककडे लक्ष द्या. तिने हाच निवडला.

बसवताना दोन अडचणी आल्या त्या सांगून ठेवतो. मागच्या डिरेलरला साखळीचा ढिलेपणा किती ओढून धरता येतो त्याला मर्यादा असते, पुढच्या चकत्यांचा फरक अधिक मागच्या चकत्यांचा फरक, इथे २२ अधिक २३, म्हणजे ४५ दात. त्यामुळे लांब पिंजऱ्याचा माउंटन बाइक डिरेलरच लागतो, रोडचा आखूड पिंजरा चालत नाही. तिचे शिफ्टर (हँडलवरचे गीअर बदलायचे खटके) शिमानोचे ९ स्पीड रोड शिफ्टर, त्यांच्यावर ९ स्पीड माउंटन डिरेलर मागे नीट चालतो, तो प्रश्न नव्हता. प्रश्न पुढे. डाव्या शिफ्टरला दोनच जागा आणि चकत्या तीन, शिवाय माउंटनच्या पुढच्या डिरेलरला केबल वेगळ्या मापाने ओढावी लागते. मग पुढच्यासाठी हँडलच्या टोकाला बसतो तो साधा फ्रिक्शन लिव्हर लावला, टकटक नाही, आपल्या अंदाजाने ओढायचं. दिसायला जुनाट, पण काम एकदम चोख.

सामान, सीट आणि बाकीचं

सामानातून ४ किलो काढले, २४ चे २० झाले. सगळ्या जगाला वाटतं की ग्रॅम ग्रॅम मोजून वजन कमी केलं की घाट सोपा होतो. ४ किलो म्हणजे एकूण शंभरातले ४ टक्के, घाटात साधारण ३ मिनिटं वाचतात. वाईट नाही, पण गीअरने जो फरक पडला त्याच्यापुढे काहीच नाही. खरा फायदा सामान कुठे लावलंय यात झाला. आधी मागच्या दोन पॅनिअरमध्ये (रॅकच्या बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) कोंबलेलं होतं आणि वर हँडलबारच्या बॅगेत जवळपास ५ किलो. चढ तीव्र झाला की भार मागच्या चाकावर जातो, पुढचं चाक हलकं होतं आणि भटकायला लागतं, त्यात हँडलवर उंचावर ५ किलो लटकलेले, मग ताशी ५ च्या वेगाला सरळ रेषेत जाणंच एक व्यायाम. जड वस्तू पुढच्या खालच्या रॅकवर, चाकाच्या मध्याच्या आसपास उंचीला, दोन्ही बाजूंना सारख्या, मागे बाकीचं, आणि हँडलच्या बॅगेत फक्त हाताशी लागणाऱ्या हलक्या गोष्टी असं केलं. साधारण मागे ६० टक्के, पुढे ४०. हळू वेगाला सायकल शांत झाली की खांदे आणि हात सैल राहतात, आणि आवळलेल्या हातांमध्ये किती शक्ती वाया जाते ते सैल झाल्यावरच कळतं.

पाण्याचंही वजनच. खाली निघताना ४ लिटर भरलं होतं, वर माथ्यावर पाणी मिळतं हे माहिती असूनही. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन तासांच्या चढाला उन्हाप्रमाणे दीड-दोन लिटर ठीक. पण पुढे पाणी मिळेल याची खात्री नसेल तर वजनाचा विचार अजिबात करू नका, भरून घ्या.

गुडघ्याच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट सापडली. सामान लावल्यावर सायकल उभी धरताना पाय नीट टेकावा म्हणून तिने सीट जवळजवळ सेंटिमीटरभर खाली घेतली होती. जड सायकलवर असं खूप जण करतात. सीट खाली असली की पायडल वर आलेलं असताना गुडघा जास्त वाकतो, आणि त्यात ३५ चा केडन्स, मग गुडघा पुढून दुखणारच. सीट मूळ उंचीला नेली आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा सराव केला. दुखणं सीटमुळे गेलं की गीअरमुळे हे वेगळं करून सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच बदललं होतं.

पहिल्या वेळेला दोन तासांत तिने काहीही खाल्लं नव्हतं. ५५० मीटर १०० किलो वर नेणं आणि टायरचं घर्षण धरून साधारण ६२५ किलोज्यूल काम होतं, आणि शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के असल्यामुळे खर्च झालेल्या कॅलरींचा आकडाही जवळपास तेवढाच येतो, सव्वासहाशे किलोकॅलरी. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब हा सर्वमान्य हिशोब आहे, तो धरला, आणि चढ सुरू व्हायच्या आधीच पहिला घास. उरलेली ऊर्जा उष्णतेत जाते, चाकाला १३० वॅट पोचवताना अंग चारशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असतं, आणि ताशी ६ च्या वेगाला अंगावर वारा शून्य. मागून वारा असेल तर अजूनच वाईट, हवा आपल्याबरोबरच चालते आणि घाम सुकतच नाही. म्हणून दुपारऐवजी सकाळी लवकर निघायचं ठरवलं, या एका बदलाला काही खर्च नाही.

दुसरी चढाई

ठरवलं होतं एवढंच की वेगाचा आकडा स्क्रीनवरून काढून टाकायचा. हार्टरेट आणि केडन्स फक्त, आणि एक साधी कसोटी, पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की गीअर एक हलका करायचा, वेग पडला तर पडू द्यायचा.

पहिले दोन किलोमीटर ताशी ९ च्या आतच. तिच्या भाषेत सांगायचं तर लाज वाटेल इतकं हळू. एकजण मागून रिकाम्या सायकलवर आला आणि सुसाट निघून गेला, त्याच्या मागे लागायची खुमखुमी तिने दाबली, आणि मला विचाराल तर सगळ्या चढाईतलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. सहा टक्क्यांवर ताशी ७, केडन्स ८० च्या आसपास. पाचव्या किलोमीटरला, हेअरपिनचा पट्टा लागायच्या आधी, ठरवून पाच मिनिटं थांबली. ठरवून घेतलेला थांबा आणि नाइलाजाने घेतलेला थांबा यात खूप फरक असतो, पहिल्यात तुम्ही खाता-पिता, दुसऱ्यात नुसते हँडलवर डोकं टेकून उभे राहता.

हेअरपिनचा पट्टा ताशी ५ च्या जरा वर. इथे दोन गोष्टी केल्या. एक, लहान चकतीवर चढ लागायच्या आधीच यायचं. पूर्ण जोर लावलेला असताना पुढची साखळी खाली टाकली की ती अडते नाहीतर उडते, म्हणून चढाच्या आधी, पाय क्षणभर सैल करून. दुसरं, वळणाची आतली बाजू सोडायची. वळणात आत आणि बाहेर दोन्हीकडे चढाई तेवढीच पण बाहेरून अंतर जास्त, त्यामुळे आतल्या कडेला जो चढ बारा-तेरा टक्क्यांचा होतो तो बाहेरून सहा-सातवर येऊ शकतो. अर्थात आपली लेन न सोडता, आणि समोरचं दिसत असेल तरच. आंधळ्या वळणावर चढ वाचवायला जाऊ नये.

मध्ये मध्ये दहा-पंधरा फेरे उभं राहून मारले, त्याआधी दोन गीअर जड करून, कारण हलक्या गीअरमध्ये उभं राहिलं की पाय हवेतच जातो. सामान असताना उभं राहणं हे वेगासाठी नाही, पाठ आणि बूड मोकळं करायला. सायकल डावी-उजवीकडे झोकायची नाही, पॅनिअर झोकांड्या खायला लागले की तुमची शक्ती त्यांना सावरण्यात जाते.

सपाट अर्धा किलोमीटर आला तिथे वेग वाढवला नाही, नुसते पाय फिरवले, पाणी प्यायली. आणि शेवटच्या सात टक्क्यांच्या सुरुवातीला साखळी लहान चकतीवरून आत पडली. फ्रिक्शन लिव्हर जरा जास्त फिरवला गेला आणि पुढच्या डिरेलरचा आतला लिमिट स्क्रू (डिरेलर आत किती सरकेल ते अडवणारा) ढिला होता. चार मिनिटं गेली, हात काळे झाले. नंतर स्क्रू अर्धा फेरा आवळला, पुन्हा पडली नाही.

चढावर पुन्हा निघणं हा एक वेगळाच प्रकार आहे, पहिल्या वेळेला तिची निम्मी शक्ती यातच गेली होती. सगळ्यात हलक्या गीअरमध्ये निघायला गेलात तर एका फेऱ्यात दीड मीटर पण सायकल जात नाही आणि तोल यायच्या आधीच दुसरा पाय शोधावा लागतो. म्हणून दोन-तीन गीअर जड, पुढचा पाय घड्याळातल्या दोनच्या जागी, दोन्ही ब्रेक दाबलेले, रस्ता मोकळा असेल तर तिरकं तोंड करून, आणि पहिला फेरा जोरात मारतानाच ब्रेक सोडायचे. दोन-तीन फेऱ्यांत दुसरा पाय बसला की गीअर हलका.

एकूण वेळ १ तास २८ मिनिटं, त्यातली सायकल चालवतानाची ७९. पहिल्या वेळचे हलतानाचे ८२ आठवतात ना? म्हणजे सायकलवर ती जेमतेम तीन मिनिटांनी वेगवान झाली, आणि ती तीन मिनिटं ४ किलो वजनातच संपतात. बाकीची २७ मिनिटं कमी थांबण्याने वाचली. गुडघा दुसऱ्या दिवशी ठीक होता, आणि माझ्या दृष्टीने वेळेपेक्षा हे मोठं, कारण टूरमध्ये घाट एकदा चढून संपत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरा असतो.

ज्यांना गीअर बदलणं लगेच शक्य नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगेन की मग थांबे ठरवून घ्या, दर दीड किलोमीटरला दोन मिनिटं वगैरे, मांड्या दगड व्हायची वाट बघू नका. रस्ता रिकामा आणि लांबपर्यंत दिसत असेल तर नागमोडी चढता येतं, रस्त्याला ४५ अंशांत तिरकं गेलं तर नऊ टक्क्यांचा चढ सव्वासहा-साडेसहाचा होतो, अंतर मात्र १.४ पट. रहदारीच्या रस्त्यावर हा विचार सोडून द्या.

बारा टक्के आणि त्यापुढचा चढ मात्र नव्या गीअरलाही जमत नाही. ९६ किलो आणि १३० वॅट धरले तर बारा टक्क्यांवर वेग येतो ताशी ३.८, केडन्स ४४, आणि त्या वेगाला सायकल सरळ ठेवणंच कठीण. पायी ढकलत तेवढाच वेग मिळतो. त्यामुळे असा तुकडा दोनशे मीटरपेक्षा लांब दिसला की ती आता आधीच उतरते, दम असतानाच. ढकलताना एक हात हँडलवर आणि दुसरा सीटच्या मागे ठेवून, सायकल किंचित स्वतःकडे झुकवून, नाहीतर मागच्या पॅनिअरवर प्रत्येक पावलाला पोटरी आपटते. दर तीस-चाळीस पावलांनी दोन्ही ब्रेक दाबून उभं राहायचं, आणि बूट क्लीटचे (पायडलमध्ये अडकणारे) असतील तर या कामासाठी तळवा रबरी असलेलेच घ्या, गुळगुळीत तळव्याचे चढावर घसरतात.